रविवारी बाऊल भरू नका

ताई, ऑफिसमधल्या दुपारच्या जेवणासाठी गेले दोन महिने मी मेडिटेरेनियन बाऊल, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचं धान्य-कडधान्य-भाज्यांचं एका भांड्यातलं जेवण, करून बघतेय. रविवारी तीन तास चिराचिरी करून पाच डबे भरते आणि फ्रिजमध्ये रचून ठेवते. सोमवारी मस्त लागतं, मंगळवारी बरं. बुधवारी डब्याच्या तळाशी काकडीच्या पाण्याचं तळं झालेलं असतं. गुरुवारी झाकण उघडलं की कच्च्या कांद्याच्या वासाने शेजारची खुर्ची मागे सरकते. शुक्रवारचा डबा कचऱ्यात. एवढं करून चार वाजता पोटात कावळे ओरडतातच. ड्रेसिंग म्हणजे तेल आणि लिंबू, पाचही दिवस तीच चव. मायक्रोवेव्हसमोर ही रांग, त्यामुळे गारच खावं लागतं. वर नवरा म्हणतो, तू धान्य म्हणून घालतेस तो किनवा मेडिटेरेनियन कुठला? सोडून देऊ का हा नाद?
— बुधवारने गांजलेली

नमस्कार.

नाद सोडू नका, रविवारचे ते पाच डबे सोडा. तुमच्या निम्म्या तक्रारी त्या एका सवयीतून आल्या आहेत.

मीठ लागलं की काकडी पाणी सोडणार, तो तिचा धर्मच आहे. तुम्ही म्हणाल, मी डब्यात मीठ घालतच नाही. पण फेटा चीज खारट, ऑलिव्ह खारट, ड्रेसिंगमध्ये मीठ. चिरलेल्या टोमॅटोचा रस वेगळाच. हे सगळं पाणी खालचं धान्य पितं आणि फुगून लगदा होतं, आणि त्याला पिऊन झालं की उरलेलं तळाशी साचतं. वर पानं असतील तर ती तेल आणि आंबट लागल्यावर तासाभरात मान टाकतात. अशा डब्याने तीन दिवस टिकावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तुमच्या हाताला दोष देऊ नका.

तेव्हा रविवारी फक्त दोन पातेली आणि एक-दोन बरण्या. एका पातेल्यात कडधान्य, दुसऱ्यात धान्य, बरणीत सॉस. काकडी, टोमॅटो, पानं यांना रविवारी सुरीही लावायची नाही. ती सकाळी चिरायची; एका माणसापुरतं चिरायला पाच-सात मिनिटं पुरतात. रविवारचे तीन तास वाचतात, आणि पातेल्यांना जो वेळ लागतो त्यातलाही बराच वेळ गॅस काम करतो, तुम्ही नाही.

आता काबुली चणे. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाऊल फसतो तो बहुतेक वेळा इथे. टिनच्या डब्यातले तयार चणे वापरत असाल तर वापरा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त नीट धुऊन घ्या. घरी शिजवणार असाल तर रात्री भिजवताना लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घाला. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपण ऐकत आलो, पण भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ उलट सालं मऊ करतं. सकाळी ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात तमालपत्र आणि अर्धा कांदा घालून शिजवा. तुमच्याकडचं पाणी जड असेल आणि चणे तासन् तास कडकच राहत असतील तर चिमूटभर खायचा सोडा घाला. चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. शिजला की नाही हे घड्याळ बघून ठरवू नका. एक चणा जीभ आणि टाळू यांच्यात धरून दाबा, दात न लावता मोडला पाहिजे. सॅलडसाठी म्हणून लोक चणे जरा कडक ठेवतात, आणि फ्रिजमध्ये ते आणखी कडक होतात. मग खाताना जबडा दुखतो आणि दोष रेसिपीला.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. चणे निथळले की गरम असतानाच त्यांच्यावर लिंबाचा रस, मीठ आणि दोन चमचे ऑलिव्ह तेल घालून हलवून ठेवा. गरम कडधान्य चव आत ओढून घेतं. गार झाल्यावर तेच ड्रेसिंग ओतलंत तर ते वरच्या वर राहतं, आणि खाताना आंबट वेगळं, चणा वेगळा लागतो. तुमच्या ‘तेल-लिंबू, तेल-लिंबू’ या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच आहे. पाव किलो कोरड्या चण्यांचे शिजून साधारण साडेपाचशे-सहाशे ग्रॅम होतात, म्हणजे एका माणसाची चार जेवणं.

पण ते फ्रिजमध्ये तीन ते चार दिवसच ठेवावेत. याचा सरळ अर्थ, रविवारचं शिजवलेलं शुक्रवारी खायचं नाही. रविवारी शिजवून आठवडा काढा असं सांगणारे खूप भेटतील, मी त्यांच्यातली नाही. बुधवारी रात्री अख्खे मसूर लावा. भिजवावे लागत नाहीत, उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत होतात, आणि चव बदलते हा वरचा फायदा. किंवा रविवारचेच थोडे चणे त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका आणि गुरुवारी रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा.

धान्यात माझं मत बुलगूरला. गहू उकडून, वाळवून, भरडला की बुलगूर होतो. म्हणजे तो एकदा शिजलेलाच असतो, त्यामुळे बारीक असेल तर उकळतं पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवलं तरी भागतं, आणि जाडसर असेल तर बारा-पंधरा मिनिटं शिजवावा लागतो. कुसकुस त्याहून सोपा, पण ते धान्य नाही. रव्याच्या बारीक गोळ्या आहेत. उत्तर आफ्रिकेत तो भांड्यावर भांडं ठेवून वाफवतात, तेही एकदा नाही, दोनदा-तीनदा. पाकिटातला कुसकुस आधीच वाफवलेला असतो, म्हणून आपल्याला एक वाटीला एक वाटी उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण आणि शेवटी काट्याने मोकळा करणं एवढंच उरतं. चमच्याने ढवळलात तर गोळा होईल. भात घ्यायचा असेल तर एक काळजी घ्या: शिजल्यावर पसरट ताटात काढून लवकर गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जगतात, आणि भात ओट्यावर रेंगाळला की वाढून विष तयार करतात. पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही.

घरात ओव्हन असेल आणि हौस असेल तर एक ट्रे वांगी, झुकिनी, लाल ढोबळी मिरची भाजून ठेवा. २०० अंश सेल्सिअसला अर्धा तास. फोडी दाटीवाटीने नका रचू, नाहीतर त्या भाजत नाहीत, वाफवल्या जातात. हौस नसेल तर हा परिच्छेद विसरा.

आता चार वाजताचे कावळे. तुमचा बाऊल मी पाहिलेला नाही, पण अंदाज सांगते: पानं भरपूर, काकडी-टोमॅटो भरपूर, किनवा चार चमचे, चणे शोभेपुरते आणि तेल हात आखडून. असं जेवण डोळ्यांना मोठं दिसतं, पोटाला नाही. प्रमाण उलटं करा. शिजलेले चणे मोजून दीडशे ग्रॅम घ्या, म्हणजे चांगली वाटीभर. त्यातून बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दहा ग्रॅमच्या वर तंतू. एक उकडलेलं अंडं आणखी सहा ग्रॅम प्रथिनं देतं. अंडं खात नसाल तर फेटा आणि घट्ट दही. शिजलेलं धान्य मूठभर, आणि तेल मोठा चमचा-दीड चमचा, न घाबरता. सॅलडच्या नावाखाली तेल कापायचं आणि चार वाजता बिस्किटांचा पुडा फोडायचा, हा हिशेब मला आजवर कळलेला नाही. ज्या खाण्याला भूमध्य समुद्राकाठचं म्हणून एवढा मान मिळाला, त्यात तेल थेंबा-थेंबाने कधीच नव्हतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतल्या पुरुषांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या लोकांच्या जेवणात स्निग्ध पदार्थांचा वाटा चांगला मोठा होता, फक्त तो बहुतेक ऑलिव्ह तेलातून येत होता. सोबत पाव, कडधान्यं, रानातल्या पालेभाज्या, मांस क्वचित.

सॉसकडे येते. खरं सांगायचं तर बाऊल म्हणजे सॉसच, बाकी सगळं त्याला टेकायला. तुम्ही पाचही दिवस तेल-लिंबू घेताय म्हणून पाचही दिवस तेच जेवताय. पातेली तीच ठेवा, बरणी बदला.

पहिली बरणी ताहिनीची. ताहिनी म्हणजे तिळाची पातळ पेस्ट. मी पहिल्यांदा हा सॉस केला तेव्हा चार चमचे ताहिनीत लिंबू पिळलं, ढवळलं, आणि बघता बघता त्याचा ओल्या सिमेंटसारखा गोळा झाला. मला वाटलं फाटलं. सगळं टाकून दिलं, महागाचं होतं म्हणून दोन दिवस हळहळले. नंतर कळलं की ते बिघडलेलं नव्हतंच, मी मध्येच हात थांबवला होता. ताहिनीत थोडा ओलावा गेला की तिळाचे कण पाण्याभोवती गोळा होऊन घट्ट होतात. पाणी वाढवत गेलं की तेच सैल होतात. म्हणून आता असं करते: लसणाची एक पाकळी ठेचून दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवते. आंबटात लसणाचा उग्रपणा बसतो, ऑफिसमध्ये हे फार उपयोगी. मग त्यात मीठ आणि चार मोठे चमचे ताहिनी. घट्ट गोळा होतो, होऊ देते. मग बर्फाचं पाणी, एकेक चमचा, दर वेळी घोटून. तिसऱ्या-चौथ्या चमच्यापर्यंत काहीच घडत नाही असं वाटतं, आणि मग एकदम रंग उजळतो, करडा गोळा पांढरट, मऊ, चमच्यावरून रिबिनीसारखा ओघळायला लागतो. तिथे थांबायचं. फ्रिजमध्ये तो पुन्हा घट्ट होतो, सकाळी चमचाभर पाणी घातलं की झालं.

दुसरी बरणी दह्याची. दही पातळ फडक्यात बांधून दोन तास टांगा, किंवा ग्रीक योगर्ट आणा. काकडी किसून, मीठ लावून, दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा. जी काकडी डब्यात तुम्हाला छळत होती तिचं पाणी इथे आपणच आधी काढून घ्यायचं. दही, काकडी, जरासा लसूण, ऑलिव्ह तेल, पुदिना किंवा शेपू. ग्रीसमध्ये याला झाझिकी म्हणतात. पिळायचा कंटाळा केलात तर दुसऱ्या दिवशी ताक होतं.

तिसरी मोरोक्कोची शर्मुला: कोथिंबीर, पार्सली, लसूण, जिरेपूड, लाल मिरचीपूड, लिंबू, तेल, सगळं जाडसर वाटून. मसुरावर ही फार सुरेख लागते. यांपैकी आठवड्याला दोनच करा. पाच सॉस करायला जाल तर पुन्हा रविवारचे तीन तास. आणि तेल-लिंबूही वाईट नाही हो, फक्त त्यात मीठ पुरेसं हवं, वाळलेला ओरेगॅनो तळहातावर चुरडून घातलेला हवा, आणि झाकणाच्या बाटलीत दाणकन हलवून दाट केलेलं हवं. अर्धा चमचा मोहरीची पेस्ट घातली तर तेल आणि रस लवकर वेगळे होत नाहीत.

कांद्याचा वास. लाल कांदा कागदासारखा पातळ चिरा, त्यावर चिमूटभर मीठ आणि बुडेल एवढं व्हिनेगर. पंधरा मिनिटांत गुलाबी होतो, तिखटपणा पुष्कळ उतरतो आणि बरणीत आठवडाभर राहतो. सुमाक मिळाला तर वर भुरभुरा. आंबट, गडद लाल पूड असते. शेजारची खुर्ची जागेवर राहील.

सकाळी डबा भरताना तळाशी कडधान्य, त्यावर धान्य, मग मोठ्या फोडी केलेली काकडी. ती उभी चिरून बियांचा मऊ गर चमच्याने खरवडून काढायचा, बरंचसं पाणी त्यातूनच सुटतं. टोमॅटो छोटे आणि अख्खे. पानं सर्वांत वर, फेटा कोपऱ्यात, सॉस वेगळ्या छोट्या डबीत आणि डबी खाताना ओतायची. पार्सली-पुदिना ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर ताजा राहतो, चिरणं मात्र त्याच दिवशी.

मायक्रोवेव्हच्या रांगेत उभंच राहू नका. ग्रीसमध्ये तेलात शिजवलेल्या भाज्यांचा अख्खा एक प्रकार आहे, लादेरा. तो कोमट किंवा घराच्या तापमानालाच खातात. तुम्हाला नकोसं वाटतं ते गार जेवण नाही, फ्रिजमधलं थंडगार जेवण. थंडीत ऑलिव्ह तेल गोठतं, चव बंद होते, चणे पिठूळ लागतात. जेवायच्या अर्धा तास आधी डबा फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवा, एवढंच. सकाळपासून मात्र बाहेर ठेवू नका. असं जेवण दोन तासांच्या वर बाहेर राहू नये.

एक नमुना देते, नियम म्हणून नाही. सोमवारी चणे, बुलगूर, झाझिकी. मंगळवारी तेच दोन्ही, पण ताहिनी आणि गुलाबी कांदा. बुधवारी उरलेल्या चण्यांत बुलगूरऐवजी कडक भाजलेल्या पिटा पावाचे तुकडे, भरपूर पुदिना आणि सुमाक. लेबनॉनमधल्या फतूशच्या वळणावर. पाव वेगळ्या पुडीत न्या, नाहीतर बुधवार पुन्हा बुधवारच्या वळणावर जाईल. गुरुवारी मसूर, भात आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. हा मुजद्दरा, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावरचं जुनं, गरिबीतलं, पोटभरीचं जेवण. शुक्रवारी तेच मसूर, अंडं आणि बरणीत जे काही उरलं असेल ते.

फेटा हवाच का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. नाही. युरोपीय संघात २००२ पासून फेटा हे नाव फक्त ग्रीसमधल्या मेंढीच्या दुधाच्या चीजला लावता येतं, जास्तीत जास्त तीस टक्के शेळीचं दूध घालून. त्यामुळे खरा फेटा महाग असतो. त्याऐवजी मूठभर भाजलेले अक्रोड किंवा बदाम आणि चार ऑलिव्ह घातलेत तरी खारट-स्निग्ध घास मिळतो. आणलात तर त्याच्याच खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडा ठेवू नका.

राहिला किनवा. नवरा बरोबर बोलतोय. किनवा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा. पण मग टोमॅटो आणि ढोबळी मिरचीही अमेरिकेतूनच आल्या, सोळाव्या शतकात, आणि आज त्यांच्याशिवाय त्या किनाऱ्यावरचं जेवण डोळ्यांसमोर येत नाही. हे त्याला ऐकवायचं की नाही, तुम्ही ठरवा. घरात पडलेला किनवा मात्र फुकट घालवू नका. बारीक गाळणीत वाहत्या पाण्याखाली फेस जाईपर्यंत चोळून धुवा, कडवटपणा त्या फेसात असतो. वाटीभराला पावणेदोन वाट्या पाणी, मंद आचेवर पंधरा मिनिटं, गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं झाकण. मग ताटात पसरून पूर्ण कोरडा होऊ द्या. तुमच्या बुधवारच्या तळ्याला यानेही थोडं पाणी पुरवलं असणार.